तपासले

माझ्या अंगठ्याला जांभळी शाई लागलेली असते कायम.
जेवायला बसलो की हिची नजर आधी त्या अंगठ्यावर,
मग ताटावर.
बावीस वर्षं झाली, वर्धा रोडच्या या भिंतीआड
मी लोकांची पत्रं वाचतो,
आत येणारी, बाहेर जाणारी.
वाचायची, घडी होती तशीच घालायची,
कोपऱ्यात शिक्का: तपासले.

उत्पला परवा कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच,
"बाबा, ऐका नं, ही तर तुमच्याच खात्यातली गोष्ट आहे."
रोमातला कोणी धर्मगुरू.
बादशहाने शिपायांची लग्नं बंद केली होती म्हणे,
बायको असलेला माणूस लढाईत मागे वळून बघतो म्हणून,
आणि हा लपूनछपून लावून द्यायचा.
धरला. कोंडला.
जेलरची पोरगी आंधळी, तिला याच्यामुळे दिसायला लागलं,
आणि मान उडवायच्या आदल्या रात्री याने तिला चिठ्ठी लिहिली,
खाली सही: तुझा व्हॅलेंटाईन.

मग तीच म्हणाली, खरं असेलच असं नाही.
कोणी म्हणतं, बोकड कापायचा जुना सण होता तो,
कातड्याचे पट्टे घेऊन पोरं गावभर पळायची.
कोणी म्हणतं, पाखरं जोडी धरतात त्या दिवसांत,
तेवढंच.
पाखरांचं मला पटलं.
बराकीमागच्या कडुनिंबावर पोपटांचा नुसता बाजार भरतो फेब्रुवारीत,
मोजणीला उभे कैदी वर बघतात
आणि आकडा चुकतो.

रात्री मात्र झोप नाही.
अजनीच्या यार्डात डबे एकमेकांना धडकत होते
आणि मी त्या चिठ्ठीच्या मागे लागलो.
आतून बाहेर गेली कशी?
कागदाला पाय नसतात.
कोणाच्या तरी हातातून गेली असणार,
वाचली असणार त्याने, दोनदा,
वर पोटच्या पोरीचं नाव बघून
दिव्यापाशी धरली असणार
आणि मग जाळली नाही.
सणाची सुरुवात मी तिथून धरतो.

आमच्याकडे भिवापूरचा एक आहे, सात वर्षं लागलेला.
बायकोला लिहितो:
बकरी व्याली का.
मिरची तोडाले जाशीन तं हाताले तेल लावजो.
टिन वाजते का अजून रात्री.
बस. प्रेम हा शब्द नाही कुठे,
आक्षेपार्ह असं काही सापडत नाही,
तरी वाचताना दार लावून घ्यावंसं वाटतं.
मागे एकदा शेवटी नुसती एक रेघ होती, आडवी, वाकडी.
नियमाप्रमाणे खुणा चालत नाहीत.
साहेबांनी विचारलं, हे काय?
पेन चालतो का बघितलं असेल, म्हणालो.
शिक्का मारला.

हिला मी कधी काहीच लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर शिक्का मारून दिलं असतं, असं ती म्हणते.

आज चौदा. फुटाळ्यावर गाडी उभी करून
पोरापोरींना उठवून राहिले पोलीस, आईबापांचे नंबर मागून राहिले.
उत्पला उशिरा आली,
केसांवर हेल्मेटचा दाब,
आणि आमच्या घरात हेल्मेट एकच, ते माझ्या खुंटीला.
तिच्या वहीतून निळं पाकीट डोकावत होतं.
हात गेला माझा. सवयीचा हात.
कोपरा धरला, वजन कळलं:
दोन पानं, दाट लिहिलेली.
परत सरकवलं.
अंगठ्याचा जांभळा डाग राहिला तेवढा.

ती पाण्याचा ग्लास घेऊन आतून आली.
विचारलं, "नाव काय गं त्याचं?"
थबकली. ग्लास या हातातून त्या हातात.
"कोणाचं? त्या जेलरचं?"
"हो," म्हणालो, "त्याचंच."
"अस्टेरियस म्हणे.
पण नक्की माहीत नाही कोणाला."